गौरव : एका शब्दाचे वजन आणि जालन्याचे बेथेल

मराठी बायबल वाचताना ‘गौरव’ हा शब्द वारंवार भेटतो. देवाचे गौरव प्रकट झाले, देवाच्या गौरवाने निवासमंडप भरून गेला, अशा वाक्यांवरून आपण सहज पुढे जातो. आजच्या मराठीत गौरव म्हणजे सत्कार, शाल आणि श्रीफळ. त्यामुळे या शब्दाच्या मुळाशी असलेला अर्थ हरवतो. संस्कृतात ‘गौरव’ हे ‘गुरु’ या विशेषणाचे भाववाचक नाम आहे. गुरु म्हणजे जड. गौरव म्हणजे जडपणा, वजन. आणि जुन्या करारातील मूळ हिब्रू शब्द ‘काबोद’ हाही ‘जड असणे’ याच अर्थाच्या धातूपासून आला आहे. ग्रीक भाषेने त्यासाठी ‘दोक्सा’ हा शब्द निवडला. त्याचे मूळ मत, लौकिक याकडे जाते. म्हणजे या एका ठिकाणी मराठी शब्द ग्रीकपेक्षा हिब्रूच्या अधिक जवळचा ठरतो.

हे केवळ व्युत्पत्तीचे कौतुक नव्हे. दैवी तेज म्हटले की आपल्याला गीतेचा अकरावा अध्याय आठवतो. अर्जुनाला दिव्य दृष्टी मिळते, तो विश्वरूप पाहतो आणि भयभीत होऊन पूर्वीचे सौम्य रूप मागतो. निर्गम ग्रंथातील मोशेही देवाचे गौरव पाहू इच्छितो. परंतु त्याला खडकाच्या कपारीत उभे केले जाते, त्याच्यावर हात झाकला जातो आणि देव पुढे निघून गेल्यावर केवळ पाठमोरे दर्शन घडते. अर्जुनाला सारे दिसते, मोशेला जवळजवळ काहीच दिसत नाही. मोशेच्या वाट्याला येते ती सान्निध्याची जाणीव. तेज डोळ्यांना दिसते. वजन अंगावर जाणवते.

याकोबाची कथा याहून साधी आहे. भावाच्या रागापासून पळणारा हा तरुण उघड्या रानात दगड उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला पृथ्वीवरून आकाशाला भिडलेली शिडी दिसते. जागा झाल्यावर त्याला भय वाटते, कारण देव येथे होता आणि आपल्याला ते ठाऊक नव्हते. त्या ठिकाणाला तो ‘बेथेल’, म्हणजे देवाचे घर, हे नाव देतो. तेथे देऊळ नव्हते, पुजारी नव्हता, प्रवेशाचा अधिकार विचारणारा कोणी नव्हता.

हेच नाव एकोणिसाव्या शतकात मराठवाड्यात आले. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे साठ किलोमीटरवर असलेले जालना 1981 पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होते. निजामाच्या राज्यातील या छावणीच्या गावाजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती झालेल्या लोकांची वसाहत उभी केली आणि तिला बेथेल म्हटले. जमीन हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या औदार्याने मिळाली.

शेषाद्री हे नाव मराठी वाचकाला बहुधा दुसऱ्या संदर्भात ठाऊक असते. 1843 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनच्या प्रभावाखाली नारायण यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण न्यायालयात गेले, त्याला आईवडिलांच्या स्वाधीन केले गेले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मुंबईत मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतची बाजू घेतली व त्याची झळही सोसली. आपला इतिहास श्रीपतपाशी थांबतो. नारायण पुढे कोठे गेले, हे आम्ही क्वचितच विचारतो.

ते जालन्याला गेले आणि त्यांच्याभोवती जमलेल्यांत मांग समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. एका ब्राह्मण घरातील माणसाने त्यांच्यात वस्ती करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले. परंतु आमच्या मते त्यांचे खरे कार्य त्या सभेत नव्हे, या माळावर आहे.

बेथेलच्या काही वर्षे आधी, 1855 मध्ये, जोतीराव फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला होता. वेद जर केवळ ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न होता. बेथेल हे तिच्या प्रश्नाचे उत्तर होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण प्रश्न आणि गाव शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी दर्शन हा सौंदर्यानुभवाचा विषय नव्हता. देवापुढे आपले काही वजन आहे की नाही, हा तो प्रश्न होता.

येथे आक्षेप घेता येतील. मिशनची मदत, दिवाणाची जमीन, पुढारीपण पुन्हा ब्राह्मणाकडेच. आणि धर्मांतराने जात सुटली, असे महाराष्ट्राच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगत नाही. शिवाय हा वृत्तांत आपल्यापर्यंत येतो तो मुख्यतः मिशनऱ्यांच्या लेखणीतून. हे आक्षेप आम्हाला मान्य आहेत. तरीही नावाची निवड अर्थपूर्ण राहते. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला तीन मंडप उभारून तेथेच राहावेसे वाटले. येशू मात्र शिष्यांना खाली, आजारी मुलाकडे घेऊन आला. योहानाच्या शुभवर्तमानात तर गौरवाची घटिका म्हणजे क्रूसाची घटिका. ख्रिस्ती परंपरेत दैवी गौरवाची कसोटी ही अशी खाली उतरण्याची आहे.

मराठी ख्रिस्ती साहित्य शिकवताना आपण 1616 च्या फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून रेव्हरंड टिळकांपर्यंत ओवी आणि अभंगांची वाट दाखवतो. ती योग्यच आहे. परंतु ‘गौरव’ या शब्दाचा अर्थ केवळ काव्यात शोधून पुरत नाही. त्याच्या इतिहासात जालन्याजवळच्या एका वस्तीलाही स्थान द्यावे लागेल, जिथे देवाचे घर हे नाव माणसांच्या घरांना दिले गेले.