बाळंतपणाचं जीवनसत्त्व

व्यायाम आणि अँटिऑक्सिडंट हा विषय निघाला की गाडी लगेच गोळीवर येते. घ्यावी की नाही, धावायच्या आधी की नंतर, कुठल्या कंपनीची. मला शनिवार-रविवारी जुने पेपर उकरत बसायची खोड आहे. उकरता उकरता मी जाऊन पोचलो १९२२ सालच्या बर्कलेत, मादी उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी.

हर्बर्ट एव्हान्स हा तिथे शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक. त्याने जोसेफ लाँगबरोबर उंदराच्या ऋतुचक्राचा अभ्यास केला होता. हे चक्र चार-पाच दिवसांचं. योनीतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की मादी आज चक्राच्या कुठल्या टप्प्यात आहे ते कळतं. दिसायला साधी, पण काय जबरदस्त युक्ती! आत काय चाललंय ते बाहेरून कळायला लागलं. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग वाचता यायला लागला.

त्याच वर्षी एव्हान्स आणि डॉ. कॅथरीन स्कॉट बिशप यांनी मादी उंदरांना अगदी शुद्ध केलेला आहार दिला. दुधातलं केसीन, स्टार्च, चरबी, क्षार, आणि तोवर माहीत असलेली जीवनसत्त्वं. उंदीर मस्त वाढले, तुकतुकीत दिसायला लागले, पण पिल्लं होईनात. आता बिघाड नेमका कुठे? बीज सुटतं का? सुटतं. गर्भधारणा होते का? होते. गर्भ रुजतो का? तोही रुजतो. आणि मग काही दिवसांनी आतल्या आत मरून विरून जातो. एकेक टप्पा असा तपासून बाजूला काढणं याला आम्ही डीबगिंग म्हणतो आणि त्याचा पगार घेतो.

आहारात लेट्यूसची पानं घातली, पिल्लं झाली. गव्हाचा अंकुर तर त्याहून भारी निघाला. त्या अज्ञात घटकाला आधी नुसतं 'एक्स' म्हणत, पुढे ते ई जीवनसत्त्व झालं. १९३६ साली ते शुद्ध रूपात हाती आलं, तेव्हा एव्हान्सने विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकाला, जॉर्ज कॅल्हूनला, नाव विचारलं. त्याने दिलं टोकोफेरॉल. टोकोस म्हणजे बाळंतपण, फेरो म्हणजे वाहून आणणं. दुकानात 'त्वचेसाठी' आणि 'स्टॅमिनासाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या पिवळसर कॅप्सूलचं खरं नाव हे असं आहे. ते अँटिऑक्सिडंट आहे हे ऑल्कॉट आणि इमर्सन यांनी दाखवलं त्यानंतर, १९३७ साली.

पुढचा मोठा टप्पाही एका बाईचा. अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन यांनी १९५४ साली रॉचेस्टरहून मांडलं की जादा ऑक्सिजनने होणारी इजा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, फ्री रॅडिकल. म्हणजे ज्या ऑक्सिजनवर जगायचं तोच आतून गंज चढवतो! व्यायामाशी हे जोडलं गेलं १९८२ साली, पुन्हा बर्कलेत. दमून थांबेपर्यंत पळवलेल्या उंदरांच्या स्नायूत आणि यकृतात फ्री रॅडिकलचा संकेत दुप्पट-तिप्पट झालेला दिसला. ई जीवनसत्त्व न मिळालेले उंदीर तर सुमारे ४० टक्के आधीच गळाले.

इथून गोळ्यांचा बाजार सुरू झाला आणि बायका कुठेतरी मागे राहिल्या.

कारण बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचं प्रकरण आहे. त्याच्या रेणूत टोकोफेरॉलसारखंच फिनॉलचं कडं असतं, त्यामुळे परीक्षानळीत तेही फ्री रॅडिकलला गप्प करतं. पण रक्तात ते इतकं थोडं असतं की नुसतं एवढ्याने भागणार नाही. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या गटाने २००३ साली यावर सुंदर काम केलं. मादी उंदरांच्या मायटोकाँड्रियातून नरांपेक्षा कमी पेरॉक्साइड बाहेर पडतं. बीजकोश काढले की ते वाढतं, इस्ट्रोजेन दिलं की पुन्हा आवरतं. म्हणजे हे हार्मोन स्वतः ढाल होण्यापेक्षा पेशीतल्या जनुकांकडून ढाली बनवून घेत असावं. (माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

आता गोळीचं बघा. व्हॅलेन्सियाच्याच गटाने २००८ साली दाखवलं की सी जीवनसत्त्व घेतलं तर व्यायामाने स्नायूत होणारे बदल अडतात. त्यातली माणसं सगळी पुरुष. २००९ साली जर्मनीत सी आणि ई दोन्ही दिलं, तर व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं ते सुधारलंच नाही. तेही सगळे पुरुषच! आमच्या ऑफिसच्या रनिंग ग्रुपमधल्या निम्म्या मुली हीच जोडी घेतात, आणि त्यांना सल्ला मिळतो तो या पुरुषांवरून.

बायकांना वगळायचं ठरलेलं कारण काय, तर मासिक चक्र. हार्मोन वरखाली होतात, आकडे हलतात, खर्च वाढतो. अमेरिकेत तर १९७७ ते १९९३ मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून नियमानेच बाहेर ठेवलं होतं. म्हणजे ज्या चक्राचा लॉग वाचून एव्हान्सने जीवनसत्त्व शोधलं, तेच चक्र पुढे कटकट म्हणून टेस्ट केसमधून काढून टाकलं. अर्ध्या युजरना वगळून आम्ही सॉफ्टवेअर रिलीज केलं तर क्लायंट फाडून खाईल. असो.

२०१४ साली दोन गोष्टी झाल्या. नॉर्वेत ५४ तरुण स्त्री-पुरुषांना अकरा आठवडे सी आणि ई किंवा नुसती खोटी गोळी दिली. दम दोन्हीकडे सारखाच वाढला, पण स्नायूत नवे मायटोकाँड्रिया घडत असल्याच्या खुणा वाढल्या त्या खोट्या गोळीवाल्यांतच. दुसरी गोष्ट, बर्कलेच्या अर्विंग झुकर यांनी सहकाऱ्यांसह छोट्या उंदरांवरचे २९३ शोधनिबंध तपासले, आणि चक्राचा कुठलाही दिवस न बघता घेतलेल्या माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलत नाहीत असं निघालं. काही बाबतींत तर नरांचेच जास्त हलत होते. सगळ्यात जास्त फरक पडत होता तो एका पिंजऱ्यात बरेच उंदीर कोंबल्याने.