आझमाबादची लस

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतील त्यागराय गानसभा मागे टाकून चौरस्त्यावरच्या चित्रगृहांची वर्दळ ओलांडली, की थोड्याच अंतरावर आझमाबादचा औद्योगिक इलाखा लागतो. निजामी अंमलात वसलेल्या आणि वजीर सुलतान यांच्या सिगारेटच्या कारखान्यामुळे साऱ्या मुलखाला ठाऊक झालेल्या या इलाख्यात, डॉ. डी. व्ही. के. राजू यांनी संस्थानाच्या विलीनीकरणानंतर पाच वर्षांनी, म्हणजे 1953 साली, स्थापन केलेल्या ‘बायॉलॉजिकल ई’ या लस बनविणाऱ्या कंपनीची कचेरी आहे; टपालखात्याच्या दप्तरी चिक्कडपल्ली आणि ही कचेरी 500020 या एकाच अंकाखाली नोंदलेल्या आहेत.

लस घडविणाऱ्यास प्रत्येक पिढीत एकच निर्णय करावा लागतो: शरीरास शत्रूचे नेमके काय दाखवावे? मुंबईत प्लेगने हाहाकार मांडला असता हाफकिन यांनी जंतू रश्शात वाढवून, उष्णतेने मारून, तो सगळाच मृत जंतुसमूह 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतला. आझमाबादच्या कारखान्याने ज्या लशीवर नाव कमावले त्या धनुर्वाताच्या लशीत मात्र जंतूला स्थानच नाही. घात करते ते त्याचे विष, म्हणून ते विषच फॉर्मॅलिनने निरुपद्रवी करावयाचे, परंतु आकार असा राखावयाचा की त्यावर उपजलेली प्रतिपिंडे उद्या खऱ्या विषालाही कवटाळतील. पुढे 1997 साली हैदराबादच्याच ‘शांता बायोटेक्निक्स’ने ब प्रकारच्या काविळीच्या विषाणूचे केवळ बाह्य प्रथिन यीस्टकडून तयार करवून लस काढली. पूर्णाकडून अंशाकडे झालेला हा प्रवास ध्यानी घेतल्यावाचून करोनाकाळात या शहराने दिलेल्या दोन उत्तरांचे मर्म कळत नाही.

पहिले उत्तर ‘भारत बायोटेक’चे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू बीटा-प्रोपियोलॅक्टोन या रसायनाने निष्क्रिय करून, अखंड, ‘कोव्हॅक्सिन’मध्ये घातला गेला व 3 जानेवारी 2021 रोजी तीस परवानगी मिळाली. शरीरास येथे सर्वच दिसते. म्हणून आतील केंद्रक-प्रथिनाविरुद्धही प्रतिपिंडे निर्माण होतात, जी विषाणूस पेशीच्या दाराशी अडवू शकत नाहीत. तो अडतो मुख्यत्वे काटेरी प्रथिनाच्या टोकाशी, जेथून तो पेशीस चिकटतो तेथे.

आझमाबादने तेवढे टोकच निवडले. ह्यूस्टनच्या टेक्सास बालरुग्णालयात पीटर होटेझ व मारिया एलेना बोट्टाझी यांनी रचलेला आणि, जे मला या साऱ्या कथेत सर्वाधिक वंदनीय वाटते, पेटंटाविना खुला ठेवलेला हा प्रथिनखंड पिकिया नावाच्या यीस्टमध्ये वाढविला जातो. त्याची घडण जवळून पाहण्याजोगी आहे: आरंभीचा एक ॲस्परॅजिन वगळला, कारण यीस्ट त्यावर शर्करेचे अवास्तव ओझे चढविते, एका सिस्टीनच्या जागी ॲलॅनिन बसविला, एरवी रेणू परस्परांस बिलगून गोळे होतात. एवढासा तुकडा एकटा शरीरास फारसा जागे करीत नाही, म्हणून 25 मायक्रोग्रॅम प्रथिनासोबत 750 मायक्रोग्रॅम ॲल्युमिनियम आणि तितकेच ‘सीपीजी 1018’, अर्थात जंतूच्या डीएनएचा भास निर्माण करणारे द्रव्य, घालण्याची तजवीज झाली.

‘कोर्बेव्हॅक्स’ नावाच्या या लशीला परवानगी मिळाली 28 डिसेंबर 2021 रोजी. त्याच सुमारास आलेल्या ओमायक्रॉनने नेमक्या त्याच टोकावर सुमारे 15 बदल केले होते, आणि एकाच लक्ष्यावर भिस्त ठेवणाऱ्या रचनेची मर्यादा उघड झाली. अखंड विषाणू दाखविणाऱ्या जुन्या रीतीचा पक्ष येथे थोडा सबळ ठरतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि 16 मार्च 2022 पासून देशातील 12 ते 14 वर्षांच्या मुलांना हीच लस दिली गेली. आणि 10 ऑगस्टला, कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतलेल्या प्रौढांस सहा महिन्यांनंतर तिसरी मात्रा म्हणून ती घेण्याची मुभा सरकारने दिली, तेव्हा कोव्हॅक्सिनमधून अखंड विषाणू पाहिलेल्या शरीरांना त्याचे निवडक टोक पुन्हा दाखविण्याचा मार्ग या देशात प्रथमच खुला झाला.