स्काऊट चळवळ आणि नेतृत्वाचे शिक्षण

ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. श्रीमंत आणि कामगार घरांतली मुले त्यांनी एकाच तंबूत आणली आणि टोळ्या पाडून प्रत्येक टोळीचे नेतृत्व तिच्यातल्याच एका मुलाकडे दिले. स्काऊटिंगचा गाभा तोच राहिला.

भारतात १९०९ पासून निघालेली सुरुवातीची पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठीच होती. हा अन्यायच होता. त्याला उत्तर म्हणून अॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला भारतीय मुलांची संघटना काढली. पुढे मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समिती या संस्थेचे स्काऊट उभे केले. कुंभमेळ्यातल्या गर्दीत यात्रेकरूंना मदत करणे, हे त्यांचे खरे प्रशिक्षण. ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या स्काऊट संघटना 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स'मध्ये विलीन झाल्या.

पथकात सहा ते आठ मुलांच्या टोळीला संघ म्हणतात, त्याला संघनायक असतो. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आणि मग राज्य पुरस्कार, अशी चढण असते. महाराष्ट्रातल्या शाळांत 'खरी कमाई'च्या, म्हणजे स्वकष्टाच्या कमाईच्या, दिवशी मुले भेळ विकतात, बूट पुसतात, हिशेबही स्वतःच मांडतात. भाषणापेक्षा हा हिशेब अधिक शिकवतो.

मुंबईजवळच्या मीरा-भाईंदरच्या शाळेत पथक काढले तरी अभ्यासक्रम हाच. नेतृत्वाचे शिक्षण मुलांपुरतेच नसते; प्रौढ सामाजिक व राजकीय कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी याच शहरातल्या उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. तिची स्थापना १९८२ ची.