चार माणसांचं करणाऱ्या बायका

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘उद्योगातल्या स्त्रिया’ हा विषय ठरला तेव्हा मंडळातल्या मैत्रिणींनी मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांची नावं सुचवली. मला आठवल्या त्या गिरणगावातल्या खानावळवाल्या.

माझे आजोबा सातारकडून मुंबईला गिरणीत आले. आजी गावी, शेतीवर. लालबागच्या एका खोलीत दहा-बारा गाववाले पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खानावळीत जात. आखातात एकट्याने राहिलेल्या आपल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. कुटुंब गावी, खोलीत भागीदार आणि डबा कुणा ताईंच्या घरून!

ही खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतली एक खोली, त्यातच बाईचा संसार, त्यातच पंधरा-वीस जणांच्या पंगती. गिरणी तीन पाळ्यांत चाले, त्यामुळे चूलही दिवसभर थंड होत नसे. जेवणाचे पैसे मिळत ते महिन्याच्या पगारानंतर. धान्य, तेल, रॉकेल मात्र आधीच आणावं लागे, वाण्याकडून उधारीवर आणि चढ्या भावाने. कमी पडलं की सावकार, नाहीतर मंगळसूत्र गहाण. म्हणजे कामगाराला महिनाभर उधार जेवू घालायचं, त्यासाठी भांडवल उभं करायचं आणि त्याचं व्याजही आपणच भरायचं. याला धंदा नाही तर काय म्हणायचं? पण घरचे म्हणत, “ती चार माणसांचं करते.”

हा धंदा आहे हे ओळखलं प्रेमाताई पुरव यांनी. मूळच्या गोव्याच्या. गोवामुक्तीच्या लढ्यात पायावर गोळी झेललेली ही बाई पुढे मुंबईत कामगार चळवळीत आली. पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि लहान धंदेवाल्यांना कर्ज द्यायचं धोरणही आलं होतं. पण खानावळवालीकडे ना तारण, ना जामीन. कित्येकींना सहीसुद्धा येत नव्हती. प्रेमाताईंनी त्यांचे गट केले आणि बायका एकमेकींना जामीन राहिल्या. १९७५ साली पहिल्या १४ जणींना दीड-दीड हजार रुपयांचं कर्ज मिळालं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बांगलादेशात महंमद युनूस यांचा छोट्या कर्जांचा प्रयोग सुरू झाला १९७६ साली. नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने त्यांचं नाव जगाला कळलं. परळचं नाव आपल्याच मुलांना ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्या कर्जाने कोणी श्रीमंत झालं नाही. सावकार सुटला आणि वाण्याकडे रोख पैसे टाकून भाव करता येऊ लागला. मला सगळ्यात मोलाची वाटते ती आणखी एक गोष्ट. बँकेच्या कागदावर बाईचं स्वतःचं नाव आलं, नवऱ्याचं नव्हे.

मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला, तरी पोटं थांबत नाहीत. किती तरी खानावळवाल्यांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातलं. पुढे माणसं गावी निघून गेली आणि उधारी वहीतच राहिली. ताळेबंद मांडणारा याला बुडीत खातं म्हणेल. मी म्हणत नाही. त्या जेवणाशिवाय तो संप तेवढा चालला असता का, हा प्रश्न संपाच्या इतिहासात फारसा कुणी विचारत नाही. गिऱ्हाईकच गेल्यावर अन्नपूर्णाच्या बायका मोठ्या स्वयंपाकघरांकडे आणि बाहेरच्या जेवणाच्या ऑर्डरींकडे वळल्या. १९९३ साली प्रेमाताईंची कन्या मेधा पुरव-सामंत यांनी पुण्यात वस्त्यांतल्या बायकांसाठी कर्जाचं काम सुरू केलं.

प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली, समाजसेवा या विभागात. १९५९ साली गिरगावात ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसलेल्या लिज्जतच्या सात भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना ती मिळाली २०२१ साली, व्यापार-उद्योग विभागात. पापड उद्योग ठरला, भाकरी मात्र सेवाच राहिली!

आपल्यापैकी कुणाच्या आजीची, मामीची गिरणगावात खानावळ असेल तर तिचं नाव, चाळ, किती माणसं जेवत, दर काय होता, हे सगळं लिहून ठेवा. उधारीची वही सापडली तर टाकू नका. मंडळात मला दाखवायला जरूर आणा.