विद्यार्थ्यांचे धोरणविषयक नियतकालिक : पहिल्या अंकापूर्वीची तयारी

शासकीय योजना गावात पोहोचते ती निर्णय होऊन. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याच्या केदारखेड्यासारख्या गावातून पदवीसाठी शहरात गेलेला विद्यार्थी त्या निर्णयांचे परिणाम लहानपणापासून पाहत असतो. त्यावर अभ्यासपूर्वक लिहिलेले छापावयाचे कोठे, हा मात्र त्याच्यापुढील प्रश्न. सार्वजनिक धोरणास वाहिलेले, विद्यार्थ्यांनीच संपादित केलेले नियतकालिक हे त्याचे एक उत्तर होय.

महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने १८७८ मध्ये इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. जमीन महसूल, दुष्काळ, शेतकऱ्यांचे कर्ज या विषयांवर त्यात न्यायमूर्ती रानडे यांनी विपुल लेखन केले. १८८७ मध्ये त्याचे संपादन गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे आले, तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. त्याच वर्षी अमेरिकेत विद्यार्थ्यांनी चालविलेले 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' निघाले आणि ते आजही विद्यार्थीच संपादित करतात. सभेची गोष्ट निराळी झाली. १८९५ मध्ये सभेची सूत्रे टिळकपक्षाकडे गेली आणि रानडे-गोखल्यांनी पुढील वर्षी डेक्कन सभा स्थापन केली. पालकसंस्थेतील सत्तांतराचा परिणाम संपादकापर्यंत पोहोचतो. म्हणून संपादक कोण नेमणार व लेख नाकारण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, हे पहिल्या अंकापूर्वीच लेखी ठरवावे. प्राचार्यांचा लेखही परीक्षणातून गेला पाहिजे. नवख्या संपादकांची खरी कसोटी तेथेच लागते.

कायद्याची बाजू तुलनेने सोपी आहे. १८६७ च्या कायद्याची जागा घेणारा नियतकालिक नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. शास्त्रीय, तांत्रिक व शैक्षणिक स्वरूपाची जर्नल्स त्यातील 'नियतकालिक' या व्याख्येबाहेर आहेत. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक नवी दिल्लीतील राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. तो केवळ ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्सही तो मुखपृष्ठावर मिरवितात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 'केअर' ही मान्यताप्राप्त जर्नल्सची सूची फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्यापासून पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर व लेखकांवर आली आहे. अशा वेळी लेखकाकडून शुल्क न घेणे हेच नव्या जर्नलचे पहिले पथ्य ठरावे.

परीक्षणाची पद्धत अशी : लेखावरील नाव काढून तो विषयाच्या किमान दोन जाणकारांकडे पाठवायचा आणि त्यांचे अभिप्राय लेखकाला द्यायचे. एक परीक्षक प्राध्यापक असावा. दुसरा योजना राबविलेला निवृत्त अधिकारी किंवा ग्रामसेवक असल्यास उत्तम. पदवीधारकांना न दिसणारी चूक त्याला दिसते.

साहित्याची वाण नाही. उन्हाळ्यात टँकरच्या किती खेपा मंजूर झाल्या आणि किती प्रत्यक्ष पडल्या, एवढाच प्रश्न एका तालुक्यापुरता नीट तपासला तरी लेख उभा राहतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने नोंदवह्या मागता येतात. याच जिल्ह्यात पाणलोटाच्या कामांमुळे नावारूपाला आलेले कडवंची आहे. तेथे जे साधले ते शेजारच्या गावांत का साधले नाही, हा प्रश्न एखाद्या विशेषांकाला पुरेल. दांडेकर आणि रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील गाजलेला अभ्यास १९७१ मध्ये मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला आणि दारिद्र्यरेषेची चर्चा त्याने दीर्घकाळ व्यापली. त्याचा आधारही उपभोगखर्चाच्या आकडेवारीचाच होता.

भाषेचा निर्णय लांबणीवर टाकू नये. इंग्रजीत लिहिल्यास दूरचा वाचक मिळतो, पण ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचता येत नाही. मराठी लेख आणि इंग्रजी सारांश ही तडजोड व्यवहार्य वाटते.

वर्षातून दोनच अंक काढावेत. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची परीक्षा संपते आणि संपादक मंडळच गावी जाते, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या दोघांना आधीपासून सहसंपादक नेमावे आणि लेखांची नोंदवही, परीक्षकांचे पत्ते व ई-मेलचा पासवर्ड जूनपूर्वी त्यांच्या हाती द्यावा.