किल्ली नदीत, कुलूप पुलावर

युरोपातल्या एखाद्या जुन्या शहरात, नदीवरच्या पुलावर थोडा वेळ रेंगाळलं की एक विधी हमखास बघायला मिळतो. पाठीवर भल्यामोठ्या सॅक घेतलेलं एक तरुण जोडपं येतं. सॅकच्या बाहेरच्या खणातून छोटं पितळी कुलूप निघतं. त्यावर मार्करने दोघांची नावं, मध्ये बदाम, खाली तारीख. कठड्यावर मोकळी जागा शोधायची, कुलूप अडकवायचं, दोघांनी मिळून दाबायचं, किल्ली पाण्यात भिरकावायची आणि फोटो काढायचा. हे सगळं इतक्या मनोभावे चालतं की बघणाऱ्याला वाटावं, इथले प्रेमिक मध्ययुगापासून हेच करत आले असणार.

युरोपभर पसरलेला हा विधी आजच्या रूपात २००६ सालचा आहे. तो कुणा संताने सांगितला नाही की राजाने सुरू केला नाही. तो एका कादंबरीकाराने रचला.

फेदेरिको मोच्चा हा रोमचा लेखक. त्याची पहिली कादंबरी १९९२ साली स्वखर्चाने छापली गेली, थोड्याच प्रती निघाल्या आणि संपल्या. पुढे रोमच्या शाळा-कॉलेजांतली मुलं तिच्या झेरॉक्स काढून एकमेकांना देत राहिली. बारा वर्षांनी, २००४ मध्ये, एका मोठ्या प्रकाशकाने ती पुन्हा काढली आणि मोच्चा इटलीतल्या किशोरवयीनांचा लाडका लेखक झाला. २००६ मध्ये तिचा पुढचा भाग आला, ‘ओ व्होल्या दी ते’. त्यात नायक स्तेप आपल्या मैत्रिणीला, जिनला, पोन्ते मिल्व्हियो या पुलावर नेतो आणि एक दंतकथा ऐकवतो. पुलावरच्या तिसऱ्या दिव्याच्या खांबाला साखळी गुंडाळायची, तिला कुलूप लावायचं, किल्ली टायबर नदीत टाकायची. मग ताटातूट कधीच नाही. गंमत अशी की ही दंतकथा कादंबरीतसुद्धा थापच आहे. पोरीवर छाप पाडायला स्तेपने ती तिथल्या तिथे जुळवलेली असते. थाप वाचकांना ठाऊक होती, तरी ते पुलावर गेले. आपल्याच पुस्तकातल्या खांबाला पहिलं कुलूप मोच्चाने स्वतः नेऊन लावलं होतं, म्हणजे शोधत येणाऱ्याला काहीतरी सापडावं. देवळाआधी मूर्ती नेऊन ठेवण्याचा हा प्रकार.

पुलाची निवड मात्र पक्क्या रोमकराची. पोन्ते मिल्व्हियोचं दगडी बांधकाम इ.स.पूर्व १०९ मधलं. कॅटिलाइनच्या कटातली पत्रं घेऊन निघालेल्या दूतांना सिसेरोच्या माणसांनी इ.स.पूर्व ६३ मध्ये इथेच पकडलं. इ.स. ३१२ मध्ये कॉन्स्टन्टाइन आणि मॅक्सेन्शियस यांची लढाई याच पुलापाशी झाली, मॅक्सेन्शियस नदीत बुडाला आणि ख्रिस्ती धर्माला रोमन साम्राज्याचं दार उघडलं. १८४९ मध्ये गॅरिबाल्डीच्या लोकांनी फ्रेंच सैन्याला अडवण्यासाठी पुलाचा एक भाग उडवला, तो पुढे पोपने दुरुस्त केला. एवढं सगळं पाहिलेल्या पुलावर काल सुरू झालेली गोष्टही हजार वर्षांची वाटते. माझ्या मते या प्रथेच्या यशाचं अर्धं रहस्य इथेच आहे. हीच कुलपं कुणी सिमेंटच्या उड्डाणपुलावर लावली असती, तर नगरपालिकेने महिनाभरात झाडून काढली असती आणि कुणाला त्याचं सोयरसुतकही नसतं. जुना पूल आपलं वय पाहुण्या प्रथेला उसनं देतो.

२००७ च्या वसंतात कादंबरीवरचा सिनेमा आला आणि लगोलग एप्रिलमध्ये तो तिसरा दिवा कुलपांच्या ओझ्याने अर्धवट कोसळला. मग रोमच्या राजकारणाला विषय मिळाला. कुलपांवर बंदी घालू पाहणारे डावे प्रेमिकांच्या मुळावर उठलेत, असा उजव्यांनी गिल्ला केला. महापौर वेल्त्रोनी यांच्या प्रशासनाने शेवटी मधला मार्ग काढला: पुलावर पोलादी खांब रोवून त्यांना साखळ्या बांधल्या. हवी तेवढी कुलपं लावा, दिव्यांना हात लावू नका. पाच वर्षं हे चाललं. सप्टेंबर २०१२ मध्ये मोठमोठे कटर आणून महापालिकेने साखळ्यांसकट सगळं उतरवलं. मोच्चाने अर्थातच नाराजी व्यक्त केली. तोपर्यंत तो स्वतः आब्रुत्सो प्रांतातल्या रोसेल्लो या छोट्याशा गावाचा महापौर झाला होता, त्यामुळे गावाची मालमत्ता सांभाळण्याचे ताप त्यालाही कळत असतील.

मोच्चाने प्रथा रचली हे खरं, पण कोऱ्या कागदावर नाही. हंगेरीतल्या पेच या गावात १९८० च्या दशकापासून एका जुन्या गल्लीतल्या लोखंडी जाळीवर तरुण मुलं कुलपं लावत होती. गल्लीच्या एका टोकाला तुर्कांच्या काळातली मशीद, जी आता चर्च आहे, आणि दुसऱ्या टोकाकडे कॅथेड्रल. फ्लोरेन्समध्ये पोन्ते व्हेक्कियोवरच्या शिल्पकार चेल्लिनीच्या पुतळ्याभोवतीच्या कुंपणाला कुलपं लटकलेली असत. ती सुरुवातीला सैनिकांची होती, असं तिथे सांगतात. सक्तीची नोकरी संपवून घरी निघालेला शिपाई बराकीतल्या कपाटाचं कुलूप कुंपणाला अडकवून जाई. म्हणजे कैदेतून सुटल्याची खूण. प्रेमिकांनी ती बरोबर उलटी केली.

सर्वांत जुनी कहाणी सर्बियाची. व्हर्न्याच्का बान्या हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं आरोग्यधाम. तिथे पहिल्या महायुद्धाच्या आधी नादा नावाची शिक्षिका आणि रेल्या नावाचा लष्करी अधिकारी एका छोट्या पुलावर भेटत. रेल्या युद्धावर ग्रीसला गेला, तिथल्या मुलीच्या प्रेमात पडला, परत आला नाही. नादा झुरून गेली. मग गावातल्या मुली आपलं आणि आपल्या माणसाचं नाव कुलपावर लिहून त्या पुलाला लावू लागल्या. सर्बियाच्या नावाजलेल्या कवयित्री देसांका माक्सिमोविच यांनी या कहाणीवर कविता लिहिली, त्यामुळे विस्मरणात गेलेली गोष्ट पुन्हा लोकांच्या तोंडी आली. तिच्यात इतिहास किती आणि रचना किती, हे सोडून देऊ. तिचा सूर मात्र रोमच्या थापेपेक्षा पुष्कळ वेगळा आहे. रोमचं कुलूप म्हणजे मिरवणं. सर्बियाचं कुलूप भीतीपोटी लावलेलं, आणि ते लावणाऱ्या फक्त मुली. युद्धावर जाणारा माणूस हातचा सुटू नये म्हणून.

आपल्याकडेही कुलूप देवाला वाहतात. कानपूरच्या बंगाली मोहाल भागातल्या कालीमंदिरात भक्त नवस बोलून कुलूप लावतात. पण तिथे किल्ली फेकत नाहीत. इच्छा पुरी झाली की येऊन तेच कुलूप उघडायचं असतं. कुलपाचा हा वापर मला जास्त शहाणा वाटतो. निदान कुलपांची संख्या तरी आटोक्यात राहते.

रोममधून ही लाट बाकीच्या युरोपात पोचवली ती पाठीवर सॅक घेऊन फिरणाऱ्यांनी. एका आठवड्यात चार देश, स्वस्त विमानाचं तिकीट, रात्रीची रेल्वे आणि राहायला हॉस्टेल. हॉस्टेलच्या आठ-दहा खाटांच्या खोलीत प्रत्येकाला एक लॉकर मिळतो, पण कुलूप बहुतेक ठिकाणी आपलं आपण आणायचं. त्यामुळे अशा जोडप्याच्या सामानात टूथब्रश राहून जाईल, पण कुलूप असतंच. फ्लोरेन्सच्या शिपायाच्या कपाटाचं कुलूप आणि हॉस्टेलच्या लॉकरचं कुलूप जवळपास एकाच जातीचं. या जोडप्याला शहरात काहीतरी मागे ठेवून जायची इच्छा असते, खिशात पैसे बेताचे असतात, आणि भिंतीवर नावं कोरण्याइतकी ती असंस्कृत नसतात. कुलपाने दगडाला ओरखडा उठत नाही, पाच मिनिटांत काम होतं, फोटो छान येतो. ज्यांच्याकडे ते नसेल त्यांच्यासाठी पुलाच्या तोंडाशी विक्रेते उभे राहू लागले, कुलूप आणि मार्कर एकत्र घेऊन.

कुलूप लावायला मात्र काहीतरी बारीक, आरपार लागतं. दगडी कठड्याला कुलूप लागत नाही. म्हणूनच रोममध्ये दिव्याचा खांब आणि साखळी लागली. ही प्रथा कुठे फोफावली हे बघायचं तर कठडे बघावेत. कोलोनचा होहेनझोलर्न पूल १९११ सालचा, ऱ्हाइन नदीवरचा रेल्वेपूल. दिवसाला हजारावर गाड्या जातात आणि रुळांच्या कडेने पादचाऱ्यांची वाट आहे. वाट आणि रूळ यांच्यामध्ये लांबच लांब लोखंडी जाळी. २००८ च्या सुमारास तिथे पहिली कुलपं दिसली. पूल जर्मन रेल्वेचा. तिने सुरुवातीला ती काढून टाकायचा इशारा दिला, कोलोनकरांनी ओरड केली, रेल्वेने माघार घेतली. आता त्या जाळीचा लोखंडी रंग दिसत नाही, सगळी कुलपंच. जी रचना शेकडो टनांच्या गाड्या पेलते, तिला काही टन पितळेचं काय? मॉस्कोत वेगळा तोडगा निघाला. तिथे लुझकोव्ह पुलावर लोखंडी झाडं उभी केली, फांद्यांना कुलपं लावायची. एक झाड भरलं की ते नदीकाठी हलवून पुलावर दुसरं.

खरी कसोटी पॅरिसला लागली. पाँ दे झार हा सेन नदीवरचा पूल नेपोलियनच्या काळातला, १८०४ मध्ये पुरा झालेला आणि पॅरिसमधला पहिला लोखंडी पूल. फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. एका टोकाला लूव्र, दुसऱ्या टोकाला फ्रेंच अकादमीचा घुमट. १९७९ मध्ये एका बार्जच्या धडकेने तो बराचसा कोसळला आणि १९८१ ते १९८४ या काळात पुन्हा बांधला गेला, जुन्यासारखाच दिसणारा, पण नऊऐवजी सात कमानींचा. कठड्याला हलकी तारेची जाळी बसवली, कारण नदीचं दृश्य अडू नये. कुलपांसाठी जणू मुद्दाम केलेली सोय. साधारण २००८ पासून ती भरू लागली. जाळी भरली तेव्हा लोक कुलपाला कुलूप लावू लागले, मग त्या कुलपाला आणखी एक. ज्या दृश्यासाठी जाळी बसवली होती तेच दिसेनासं झालं.

एक साधं कुलूप वजनाला काहीच नाही. पण पाँ दे झारच्या एकेका चौकटीवर शेकडो किलोंचा भार चढला, आणि जाळी तर माणसाने सहज टेकावं एवढ्याच ताकदीची. जून २०१४ मध्ये एक चौकट निखळून पुलावरच पडली. ती बाहेरच्या बाजूला, खालून जाणाऱ्या पर्यटकांच्या बोटीवर पडली असती तर काय झालं असतं, हा विचार महापालिकेला झोप उडवायला पुरेसा होता. पॅरिसमध्ये राहणाऱ्या दोन अमेरिकन बायकांनी त्याआधीच कुलपांविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली होती. परक्यांनी लावलेली कुलपं काढायला परक्यांनीच पुढाकार घ्यावा, हेही पॅरिसला शोभतंच.

१ जून २०१५ पासून कामगारांनी जाळीच्या चौकटी कुलपांसकट उचलल्या. सुमारे ४५ टन लोखंड-पितळ निघालं. कुलपांची संख्या दहा लाखांच्या आसपास धरली गेली. जाळीच्या जागी काचा बसवल्या. काचेला कुलूप लागत नाही आणि नदीही दिसते.

निघालेल्या कुलपांतली बहुतेक भंगारात वितळवायला गेली. उरलेल्यांपैकी दहा टनांचा मे २०१७ मध्ये लिलाव झाला. लिलावाची जागा होती पॅरिस महापालिकेचीच गहाणवटीची पेढी, क्रेदी म्युनिसिपाल. सतराव्या शतकातल्या धर्मादाय सावकारीची परंपरा सांगणाऱ्या या पेढीत पिढ्यान्‌पिढ्या गरजूंनी दागिने, घड्याळं, गाद्या ठेवल्या. यावेळी आल्या होत्या अनोळखी लोकांच्या आणाभाका. काही जाळीच्या चौकटींसकट, काही नुसते झुबके. त्यातून सुमारे अडीच लाख युरो उभे राहिले आणि ते निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिले गेले. दिवाणखान्यात ठेवायला लोकांनी परक्या जोडप्यांची नावं विकत घेतली.

पॅरिसमधली कुलपं त्याने संपली नाहीत. मोंमार्त्रच्या टेकडीवर, साक्रे कर्‌ चर्चसमोरच्या कुंपणाला ती लागू लागली. तिथे नदी नाही, त्यामुळे किल्लीचं काय करायचं हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा.