एका मानपत्राचा मसुदा

गेल्या डिसेंबरात आमच्या गटाने मानपत्र लिहायचं काम माझ्यावर टाकलं. कारण सांगितलं ते असं, की मी सगळ्यांत लहान आणि "तुला टायपिंग येतं". गट म्हणजे पुण्यातले लाकूड कातणारे पंचवीसेक हौशी लोक. त्यात बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, एक दंतवैद्य आहेत, दोन शिक्षिका आहेत. एक जण मूळचे कातारी, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाटणी, भोवरे आणि पाळण्याचे खांब होत आले. आणि मी, दिवसभर कोड लिहिणारा. रविवारी सकाळी एकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमायचं, एकमेकांचे वाडगे हातात घेऊन उलटेसुलटे बघायचे, चहा प्यायचा, एवढाच कार्यक्रम.

या गटाचा आठ पानांचा मासिक अंक निघतो. आधी झेरॉक्स निघायचा, आता पीडीएफ. तो ज्यांनी बारा वर्षं काढला ते काका शहात्तर वर्षांचे झाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी जाहीर केलं, की आता पुरे. मग शाल, श्रीफळ आणि मानपत्र हे ओघाने आलंच.

मी लिहायला बसलो. 'आपल्या अथक परिश्रमांनी', 'बहुमोल मार्गदर्शन' अशा दोन ओळी झाल्या आणि गाडी थांबली. कारण काकांनी नेमकं काय केलं, हे सांगता येईना. बारा वर्षांत त्यांच्या स्वतःच्या नावाचे लेख पाच-सहाच असतील. कातकामातही ते गटात पहिल्या तिघांत नाहीत, हे तेच सांगतात. लिहिलं बाकीच्यांनी, कातलं बाकीच्यांनी. मग आपण आभार कशाचे मानतोय?

उत्तर शोधताना मला त्यांनीच पूर्वी वाचायला दिलेली एक कादंबरी आठवली, आणि तिच्या मागे जाता जाता मी पर्सिव्हल मार्शल नावाच्या एका इंग्रज संपादकापर्यंत पोचलो.

*

लेथवर हौसेखातर काम करणं ही गोष्ट फार काळ श्रीमंतांची होती. रशियाचा पीटर द ग्रेट लेथवर बसायचा. लंडनमध्ये १७९० च्या दशकात स्ट्रासबर्गहून आलेल्या होल्ट्झाप्फेल घराण्याने नक्षीच्या कातकामासाठी जे लेथ बनवले, ते उमराव आणि मोठे जमीनदारच घेऊ शकत. हस्तिदंत आणि काळंभोर अबनूस लावायचं, आणि त्यावर भौमितिक नक्षी उठवायची. याच घराण्याने कातकामावर पाच खंडांचा प्रचंड ग्रंथ लिहिला. पहिला खंड १८४३ चा, आणि काम पुढच्या पिढीपर्यंत चाललं. ग्रंथ अप्रतिम, पण तो कोणाच्या टेबलावर पोचणार हे किमतीनेच ठरलं होतं.

एकोणिसावं शतक संपता संपता परिस्थिती बदलली. पायाने चालवायचे लहान लेथ मध्यमवर्गीय कारकुनाच्या आवाक्यात येऊ लागले. घरामागच्या खोपटात संध्याकाळी तास-दोन तास काम करणारा एक नवा माणूस तयार झाला. त्याच्याकडे हत्यार होतं, पण उस्ताद नव्हता. कारखान्यात उमेदवारी केलेल्या मुलाला शेजारचा मिस्त्री सांगतो, की पटाशीचा कोन चुकलाय. खोपटातल्या माणसाला कोण सांगणार?

मार्शलने जानेवारी १८९८ मध्ये लंडनमध्ये 'द मॉडेल इंजिनिअर अँड अमॅच्युअर इलेक्ट्रिशियन' हे नियतकालिक सुरू केलं ते या माणसासाठी. तेव्हा तो विशीच्या शेवटी होता, म्हणजे माझ्याच वयाचा. वाफेची छोटी इंजिनं, बोटी, विजेच्या मोटारी, घड्याळं, लेथची जोडसाधनं असा सगळा मजकूर. आधी मासिक, पुढे साप्ताहिक. १९४८ मध्ये मार्शल वारला. पन्नास वर्षं त्याचा या अंकाशी संबंध सुटला नाही.

मला जास्त रस वाटला तो त्याने अंकाची घडी कशी बसवली यात. संपादकाच्या सदराचं नाव 'स्मोक रिंग्ज', म्हणजे धुराची वलयं. पाइप ओढत गप्पा माराव्यात तसा सूर. आणि दुसरं, वाचकांच्या शंका आणि त्यांची उत्तरं. कोणी विचारायचं, माझ्या बॉयलरला पाणी पुरत नाही, काय करू? कोणी आकृती पाठवायचं आणि मोटर का फिरत नाही ते विचारायचं. उत्तर जाणकाराकडून मिळवून छापायचं. यात एक मोठी सोय होती. एकाने अडाणीपणा कबूल केला, की तेच न कळलेल्या शंभर जणांना गुपचूप उत्तर मिळायचं.

हे मी रोज बघतो. आमच्या क्षेत्रातही जो माणूस सगळ्यांसमोर 'मला हे कळलं नाही' म्हणतो, त्याच्यामुळे टीममधले चार जण सुटकेचा श्वास सोडतात. पण तसं म्हणायची भीती वाटू नये अशी जागा कोणीतरी तयार करावी लागते. ती आपोआप होत नाही.

अंक निघाला त्याच वर्षी, १८९८ मध्ये, लंडनमध्ये 'सोसायटी ऑफ मॉडेल इंजिनिअर्स' उभी राहिली. पुढाकार मार्शलचा आणि माणसं त्याच्या वाचकांतली. ही संस्था आजही आहे. १९०७ मध्ये अंकाच्या नावाने प्रदर्शन भरलं, आणि ती प्रथा कित्येक दशकं चालली. एकेकट्या खोपटातली माणसं आधी कागदावर भेटली, मग प्रत्यक्षात. वाचकांनी संपादकाचे आभार कसे मानले, या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला इथे मिळालं. त्यांनी एकमेकांना भेटायला सुरुवात केली.

*

संपादकाची खरी परीक्षा मात्र भांडणात होते.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच इंच रुळांवरच्या छोट्या आगगाड्यांवरून वाद पेटला. रूळ साडेसहा सेंटिमीटरांहून कमी रुंद, इंजिन मांडीवर मावेल एवढं. एवढ्याशा इंजिनात कोळसा जाळून चालणार नाही, स्पिरिटच जाळलं पाहिजे, असा प्रस्थापित व्यावसायिकांचा समज होता. कर्ली लॉरेन्स नावाच्या, रेल्वेत काम केलेल्या एका माणसाचं म्हणणं उलटं होतं. बॉयलर खऱ्या इंजिनासारखा बांधा, कोळसा जाळा, गाडी माणसाला ओढून नेईल. त्याने तसं इंजिन बांधलेलं होतं. नाव 'आयेशा'. ते जिवंत माणसांना घेऊन धावायचं. हा वाद 'बॉयलरांची लढाई' म्हणून ओळखला जातो.

आता संपादकाच्या खुर्चीत बसून बघा. एका बाजूला या धंद्यातल्या नावाजलेल्या कंपन्या, ज्या तुमच्या अंकात जाहिराती देतात. दुसऱ्या बाजूला एक तिरसट माणूस, ज्याच्याकडे पदवी नाही, फक्त चालणारं इंजिन आहे. मार्शलने त्याला जागा दिली. १९२४ पासून लॉरेन्स 'एल.बी.एस.सी.' या सहीने लिहू लागला. ही अक्षरं म्हणजे त्याच्या जुन्या रेल्वे कंपनीच्या नावाची आद्याक्षरं. इंजिन पहिल्या स्क्रूपासून कसं बांधायचं ते तो आठवड्यामागून आठवडे सांगायचा, आणि सोबतच्या सूचनांना 'शब्द आणि संगीत' म्हणायचा. ज्यांनी आधी कधी लेथला हात लावला नव्हता अशा असंख्य लोकांनी त्याच्या लेखांवरून इंजिनं बांधली. मार्शलच्या पश्चात, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी, त्याचं अंकाशी बिनसलं आणि तो काही वर्षं बाहेर पडला. अशा माणसाला मार्शलने आपल्या हयातीत, म्हणजे चोवीसेक वर्षं, लिहितं ठेवलं. हे काम कुठल्याही अंकाच्या कुठल्याही पानावर छापलेलं दिसत नाही.

मला आवडलेला मराठी दाखला याच काळातला आहे. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केली ती कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना देण्यासाठी. पण संपादकाने आपला वाचक ओळखला, आणि नांगराच्या गिऱ्हाइकासाठी निघालेलं ते पत्रक मराठी घरांत वाचलं जाणारं 'किर्लोस्कर' मासिक झालं. किर्लोस्करवाडी आणि लंडन यांच्यात तसं काही साम्य नाही. पण वाचकाला नुसतं गिऱ्हाईक न समजणारा संपादक दोन्हीकडे होता.

*

आता ती कादंबरी. नेव्हिल शूट हा मूळचा विमान अभियंता. लेथचा त्याला स्वतःला नाद. त्याची शेवटची कादंबरी 'ट्रस्टी फ्रॉम द टूलरूम' १९६० मध्ये, तो गेल्यावर प्रसिद्ध झाली. नायक कीथ स्टुअर्ट लंडनच्या पश्चिमेला ईलिंगमध्ये राहतो, तळघरात छोटी इंजिनं बनवतो, 'मिनिएचर मेकॅनिक' नावाच्या साप्ताहिकात लिहितो आणि वाचकांच्या पत्रांना मन लावून उत्तरं देतो. कमाई बेताची. 'मॉडेल इंजिनिअर'मध्ये कित्येक वर्षं लिहिणाऱ्या एडगर वेस्टबरीवर हे पात्र बेतलंय, असं मानलं जातं.

कीथची बहीण आणि मेहुणा पॅसिफिकमध्ये बोट फुटून जातात. त्यांच्या मुलीची सगळी ठेव त्या फुटलेल्या बोटीत अडकलेली. कीथ कधी देशाबाहेर गेलेला नाही, खिशात पैसे नाहीत, पण निघतो. आणि वाटेत जिथे अडतं तिथे कोणीतरी वाचक भेटतो. शेवटी अमेरिकेतला लाकडाचा एक धनाढ्य व्यापारी त्याच्यासाठी धावून येतो. का? तर तो कीथच्या लेखावरून एक घड्याळ बनवत असतो आणि अडलेला असतो.

काकांनी हे पुस्तक देताना एवढंच म्हटलं होतं, "वाच. आपल्यासारख्यांवर आहे." तेव्हा मला ते साहसकथा म्हणून आवडलं. या वेळी वाचताना एक गोष्ट खटकली. कृतज्ञता सगळी लिहिणाऱ्याच्या वाट्याला येते. संपादक कादंबरीत येतो आणि जातो. कीथला जगभर वाचक मिळाले ते ज्याने दर आठवड्याला अंक वेळेवर काढला त्याच्यामुळे, ही गोष्ट शूटसारख्या माणसानेही ओझरतीच ठेवली. यात शूटचा दोष नाही. चांगलं संपादन वाचकाला दिसतच नाही, त्याला दिसतो तो लेख.

*

मग माझी गोष्ट सांगितल्याशिवाय मानपत्र पुरं होणार नव्हतं.

गटात आल्यावर सहा महिन्यांनी मी आंब्याच्या लाकडाच्या वाडग्यावर लेख दिला. बाराशे शब्द. काकांनी फोन केला. "लाकूड ओलं होतं का? काठाची जाडी किती ठेवलीस? आधी एक वाडगा तडकला म्हणालास, तो कितव्या दिवशी?" मी म्हटलं, "काका, तो फसलेला होता, त्याचं काय लिहायचं?" ते म्हणाले, "तेवढंच लिही." अंकात माझा लेख चारशे शब्दांचा आला. माझी सगळी प्रस्तावना गेली होती. तडकलेल्या वाडग्याचा फोटो मोठा होता आणि झालेल्या वाडग्याचा छोटा.

मी रुसलो. दोन महिने शेडवर गेलो नाही, वर्षभर एक ओळ दिली नाही. त्यांनी एकदाही विषय काढला नाही. दर अंकाच्या आधी मात्र नेमाने मेसेज यायचा, 'काही आहे का तुझ्याकडे?' मी 'नाही काका' म्हणायचो. पुढे शिसमावरचा माझा लेख गेला तेव्हा ते जणू मधे काही घडलंच नव्हतं अशा आवाजात म्हणाले, "काठाची जाडी?"

त्या तडकलेल्या वाडग्यावर गटात आजही बोलणं होतं. नवीन आलेल्याला सगळे तोच अंक वाचायला देतात. त्या चारशे शब्दांबद्दल माझं कौतुक करणाऱ्यांना मी कधीच सांगितलं नाही, की ते शब्द निवडले कोणी.

तेच मी मानपत्रात लिहिलं. 'अथक' आणि 'बहुमोल' काढून टाकले. कोणाचा कोणता लेख कोणत्या फोनमुळे सुधारला, हे प्रत्येकाला विचारून घेतलं. कातारी काकांनी सांगितलं, की त्यांना लिहिण्याची सवय नव्हती, म्हणून संपादक काका दोन रविवार त्यांच्या घरी बसून त्यांचं बोलणं उतरवून घेत होते. दंतवैद्यांनी सांगितलं, की बारा वर्षांत एकही अंक चुकला नाही, करोनातसुद्धा. यादी दीड पान झाली. खाली मी माझी रुसण्याची गोष्ट लिहिली आणि माफी मागितली.

समारंभात मानपत्र वाचताना माझा आवाज दोनदा अडकला. काका शाल सावरत ऐकत होते. उत्तरादाखल त्यांनी फार काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "मानपत्र दुसऱ्यांदा वाचलं. बरं झालंय. पण दुसऱ्या परिच्छेदात अकरा वर्षं लिहिलंयस, बारा आहेत. आणि जानेवारीचा अंक कोण काढतंय?"

जानेवारीचा अंक दोन आठवडे उशिरा निघाला. तो मी आणि एका शिक्षिकाबाईंनी काढला. फेब्रुवारीचा सहा दिवस उशिरा. सध्या माझ्याकडे एका नवीन सभासदाचा लेख आलाय, बाभळीच्या लाटण्यावर. भाषा सुरेख आहे. पण लाकूड किती दिवस सुकवलं होतं ते त्यात नाही, आणि पहिल्या दोन लाटण्यांचं काय झालं तेही नाही. आज रात्री फोन करायचाय. तो रुसला तर काय, याची मला थोडी धास्ती वाटते.